आमच्या चौकातला सिमेंटचा बैल

पुढे मी बऱ्याच जणांना मूर्ख म्हणणार आहे, तेव्हा आपला नंबर आधी लावलेला बरा.

माझ्या हातचा पहिला मोठा पुतळा म्हणजे आमच्या मोहल्ल्याच्या चौकातला सिमेंटचा बैल. खऱ्या बैलाएवढा. शिंगं, वशिंड, गळ्याखालची पोळी, घंटा, सगळं जिथल्या तिथे. आणि पोटाखाली काही नाही. काही नाही म्हणजे खरंच काही नाही. शेणानं सारवलेल्या भिंतीसारखं सपाट, गुळगुळीत पोट.

कारण लाज. बावीस वर्षांची नवी सून मी, काम भर चौकात, आणि सासरे समोरच्या ओट्यावर सुताची गुंडी सोडवत बसलेले. पोटाखाली हात घालायची वेळ आली की मी उठून शिंगं घोटायला लागायची. शिंगं इतकी घोटली की त्यात तोंड दिसलं असतं. डोक्यावर पदर, हातात थापी, आणि मनात विचार काय, तर खाली वाकून बघणार कोण?

सगळे वाकले. पोळ्याच्या दिवशी गुंडाळलेली पोती सोडली आणि पहिला वाकला सोमाजी. हा आमच्या मोहल्ल्यातला एकुलता एक गाडीवान. त्याचाच लाल्या नावाचा बैल मी समोर बांधून घेतला होता आणि बघून बघून हा केला होता. सोमाजी बैलाभोवती फिरला, खाली वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाला आणि साऱ्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाला, “बाई, बाकी सारं माह्या लाल्यावानीच हाये. पन हा मुतनार कोठून?”

“गाय असंल बापा!” मागून कोणीतरी.

“मंग थानं कुठी गेले?”

नारळ फोडायला आलेले पाहुणेसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसत होते. मी पळाले ते थेट चुलीजवळ जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूनं मला उठवलं, एका हातात सिमेंटचं घमेलं, दुसऱ्या हातात चादर. चौकात नेलं. चादरीचा आडोसा धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, “घुस आत.” मी बैलाखाली उताणी पडून काम करत होते आणि चादरीपलीकडून सारा मोहल्ला सूचना देत होता. “अजून थोडं मांगं, वहिनी!” “बेतानं, बेतानं, बैल हाये, सांड नोको करून ठेवू!” सासू पुरुषांना शिव्या हाणत होती आणि मधूनच वाकून मला म्हणत होती, “करतानी लाजली नसती, तं आता भर चौकात असं पडाले लागलं असतं का तुले?”

तिथला सिमेंट कायम काळसर राहिला. जुना गिलावा आणि नवा गिलावा एका रंगाचा होत नाही. पुढे चाळीसेक वर्षं तो काळा डाग माझ्या लाजेची साक्ष देत होता.

हे मी हसत सांगितलं, पण हसवायला बसलेली नाही. संपादकांनी मला ‘शिल्पकलेतला आनंद’ या विषयावर लिहायला सांगितलं होतं. आनंद दुसऱ्या कोणाकडून मागवा. या पोळ्यापासून माझ्या अंगाचा तिळपापड झालेला आहे आणि मी त्यावरच लिहिणार.

आधी बैल कशाला होता ते सांगते. भंडारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. आजूबाजूला तलाव आणि धान. पण आमचा मोहल्ला विणकरांचा. घरोघरी माग, बैल एकाही दारात नाही. पोळ्याला साऱ्या गावाचे बैल सजून तोरणाखाली उभे राहायचे आणि आमची माणसं हात हलवत बघायला जायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला पळसाच्या पानानं ऊन तूप-हळद लावतात. त्याला खांदेशेकणी म्हणतात. वर्षभर जू ओढून खांदा दुखला असेल, म्हणून. आमच्या बायका तुपाची वाटी घेऊन सोमाजीच्या दारात रांग लावायच्या. दोन बैल आणि सारा मोहल्ला. लाल्याच्या खांद्यावर तुपाचा इतका थर बसायचा की माश्या दिवाळीपर्यंत हलत नसत. मग विणकर सोसायटीच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, आपला बैल आपणच करू. करणार कोण? अड्याळहून आलेली ही नवी सून, हिचा बाप गवंडी आहे आणि घरांच्या कठड्यांवर सिंह, मोर करतो, हिलाही येतं म्हणतात.

येत होतं. मोर येत होता. बैल आणि मोर यातला फरक मला नंतर कळला.

दगडाचा पुतळा बाहेरून आत कोरत नेतात. सिमेंटचा आतून बाहेर येतो. आधी लोखंडी सळ्या वाकवून सांगाडा, मग त्यावर तारेची जाळी, मग गिलाव्याचे थर, प्रत्येक थर वाळायच्या आत पुढचा. वर ओली पोती गुंडाळायची आणि पाणी मारत राहायचं, बाळंतिणीला जपतात तसं. पाणी चुकलं की तडा. पण खरं काम दिसत नाही तिथे असतं. बैलाच्या चारही पायांतल्या सळ्या खुरातून खाली उतरून ओट्याच्या पोटात जातात आणि तिथे एकमेकींना बांधलेल्या असतात. एवढं वजन चार काड्यांवर उभं राहतं ते त्या खालच्या गाठीवर. ही गोष्ट ध्यानात ठेवा. ज्यांनी ठेवायला हवी होती त्यांनी ठेवली नाही.

आणि लाल्याची एक गोष्ट. तेव्हा सुताच्या गाठी वरठीच्या रेल्वे स्टेशनवर उतरायच्या आणि सोमाजी त्या गाडीनं आणायचा. एकदा मी माहेराहून परतताना वरठीला त्याच्याच गाडीत चढले. रेल्वे फाटकाजवळ भर रस्त्यात लाल्या खाली बसला. जुवासकट. सोमाजीनं चुचकारलं, शेपूट पिळली, कानात ओरडला, पाणी ओतलं. लोखंडाच्या कारखान्यातली पाळी सुटलेली, सायकलींची रांग लागली, कोणी घंट्या वाजवतंय, कोणी सोमाजीच्या खानदानाचा उद्धार करतंय. लाल्या रवंथ करत होता. पुढचे पाय छातीखाली घेतलेले, मागचे एका बाजूला टाकलेले, मान ताठ. एका कामगारानं तर हात जोडले, “उठ ना बावा, घरी बायको वाट पाहून राहिली!” लाल्या त्याला वाटलं तेव्हा उठला. मी गाठीवर बसून त्याचे पाय कसे मुडपले आहेत ते बघत होते. तेव्हा उपयोग काही नव्हता. सवय.

त्या बैलानंतर मला कामं मिळत गेली. सगळी सांगत नाही. दोन सांगते, म्हणजे राग कुठून साचत आला ते कळेल.

अड्याळला एका मोठ्या घरच्या दिवंगत म्हाताऱ्याचा अर्धपुतळा करायचा होता. फोटो एकच, समोरून, टोपी घातलेला. मी विचारलं, डोकं मागून कसं होतं? तीन मुलगे. थोरला म्हणे गोल. मधला म्हणे चापट. धाकटा म्हणे, “मागून कोन पाहते, बाई? बाप समोरूनच ओरडे.” तेवढ्यात आतून त्यांची आई आली. आतापर्यंत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, “मागून कसे दिसत ते मलेच माहीत. सारी जिंदगी त्यांच्या मांगंच चालली मी.” मी मातीचा गोळा तिच्यापुढे ठेवला. तिनं बांगड्या वर सारल्या आणि दोन्ही हातांनी मागचं डोकं करून दिलं. मानेपाशी एक खळगा होता, तो अंगठ्यानं दाबला आणि हात तिथेच राहू दिला. मी त्या डोक्याला नंतर हात लावला नाही, तसंच ओतलं. पुतळा बसला तेव्हा खाली पाटी लागली. उद्घाटन करणाऱ्याचं नाव, तिन्ही मुलांची नावं, ओटा बांधणाऱ्याचंही नाव. तिचं नाही. माझं तर नाहीच. मी तेव्हा गप्प बसले. पाटी लावताना मंडपात सर्वांना चहा वाटत होते मी! आज आठवलं की त्या चहाच्या किटलीसकट स्वतःला उचलून तलावात टाकावंसं वाटतं.

दुसरं साकोलीचं. हायवेवरच्या एका ढाबेवाल्याला दारात वाघ हवा होता. बाजूला नागझिऱ्याचं जंगल, तेव्हा वाघ हवाच. केला. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप, लेकरं घाबरतात, जेवत नाहीत, वाघ जरा हसता करून द्या. मी गेले आणि म्हणाले, “भाऊ, वाघ हसत नाही.” तो म्हणाला, “आमच्या ढाब्यावर येनारा हसतेच, बाई. तुमी करून तं पाहा.” केला. दाढ दुखत असल्यासारखा दिसत होता तो वाघ, पण लेकरं त्याच्या जबड्यात हात घालून जेवायची. मग रस्ता रुंद झाला आणि एक दिवस वाघ नव्हता. मी बसमधून उतरून विचारलं, कुठे नेला? कोणालाच माहीत नाही. जंगलातला वाघ दिसेनासा झाला तर साहेबलोक रान पालथं घालतात. माझ्या वाघासाठी कोणी चटई उचलूनसुद्धा पाहिली नाही.

आणि रंग. अरे, त्या रंगानं मला जितकं रडवलं तितकं पोटच्या पोरांनी नाही. कोणी मोठा माणूस गावात यायचा झाला की नगर परिषदेचा माणूस डबा घेऊन यायचा आणि बैलाला नखशिखांत फासायचा. घासायचं नाही, जुना काढायचा नाही, वरून नवा. तेलरंगाचा थर म्हणजे पुतळ्याच्या तोंडावर दाबलेली उशी. पहिल्या काही वर्षांतच पापण्या गेल्या. नाकपुड्या बुजल्या. मी लाल्याच्या डोळ्याच्या कडेला असायची ती बारीक सुरकुती केली होती, तिच्यासाठी केसातला आकडा वापरला होता. ती गेली. एक वर्ष बैल निळा झाला, कारण सार्वजनिक संडासाचा रंग उरला होता. मी त्या माणसाला विचारलं, “काहून रे, निळा बैल पाहिला का तू कधी?” तो म्हणाला, “मले डबा देल्ला, मावशी. डब्यात बैल नोयता पाहिला मी.” तो तरी काय करणार? पुढच्या वर्षी सोनेरी.

तरी बैल उभा होता. दर पोळ्याला बायका त्याचा खांदा शेकत. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरं आपापले चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत चौकात आणत आणि मोठ्या बैलाच्या पायांमध्ये रांगेनं उभे करत. मग दारोदार बोजारा मागायला निघत, म्हणजे खाऊ नाहीतर नाणं. बारकी पोरं बैलाच्या पायांना मिठी मारत. त्यामुळे चारही पाय गुडघ्यापर्यंत चकचकीत, रंग तिथे टिकायचाच नाही. माझा मूळ सिमेंट तेवढाच उघडा होता.

सोमाजीचे बैल गेले, गाडी गेली, मुलानं टेम्पो घेतला. मोहल्ल्यात खरा बैल उरला नाही. हा एकच होता.

या वर्षी आषाढ संपता संपता पाटी लागली: चौक सुशोभीकरण. आमचा नगरसेवक आता पस्तिशीचा आहे. लहानपणी यानंच बैलाच्या शेपटीला लोंबकळून ती मोडली होती आणि मी ती परत बसवून दिली होती. तो घरी आला, पाया पडला. म्हणाला, “आजी, आपला चौक एकदम बदलून जाऊन राहिला. लाइटा, कारंजा, सेल्फी पॉइंट. नवा बैल येऊन राहिला मोठ्या शहरातून. फायबरचा.”

“आणि जुना?”

“जुन्याची नोंद नाही ना, आजी. नगर परिषदेच्या मालमत्तेत तो कोठीच नाही.”

“मग इतकी वर्षं रंग कोणाला लावत होते रे?”

तो हसला. हल्ली म्हाताऱ्या बायकांच्या प्रश्नाला हसणं हेच उत्तर झालं आहे. मी बजावलं, “काढायचाच असेल तर ओढू नका. ओटा खालून कापा आणि ओट्यासकट उचला. पाय ओट्यात गाडलेले आहेत.” म्हणाला, “सांगतो ठेकेदाराले.” सांगितलं नसणार. नाहीतर सांगितलं असेल आणि त्यानं ऐकलं नसेल. दोघांपैकी कोणावर जास्त चिडावं हे माझं अजून ठरत नाही.

क्रेन आली तेव्हा मी भाजी निवडत होते. तशीच धावले. बैलाच्या पोटाखालून पट्टा घातलेला होता. मी ठेकेदारापुढे जाऊन उभी राहिले. “थांबवा. मीच केला आहे हा. याच्या सळ्या ओट्यात बांधलेल्या आहेत. असा ओढला तर पाय इथेच राहतील.”

तो मोबाइलवर बोलत होता. हात हलवला. “आजी, घरी जा, ऊन लागंल.”

“मला ऊन लागायची काळजी सोड, तुझ्या डोक्यात काय शिरतंय ते बघ!”

“अवो, सिमेंटचा तं हाये. सिमेंटले का होते?”

मी पट्ट्याला हात घातला. दोन मजुरांनी मला हळूच, अगदी आईला धरावं तसं धरून बाजूला नेलं. ते हळूच धरणंच मला जास्त लागलं. क्रेननं ओढ घेतली. आधी काहीच झालं नाही, बैल नुसता ताणला गेला. मग कडाड् कडाड् आवाज झाला आणि बैल वर गेला. पाय गुडघ्याखाली नव्हते. ओट्यावर चार खूर तसेच उभे, चकचकीत, त्यातून सळ्या वर आलेल्या. पोटाखालचा काळा डाग हवेत गोल फिरत होता आणि साऱ्या चौकाला दिसत होता.

मी शिवी दिली. कोणती ती संपादक छापणार नाहीत. ऐकून सोमाजीनं टोपी काढली होती, इतकं सांगते.

नंतर मी ओट्यापाशी बसून राहिले आणि मला ठेकेदारापेक्षा माझाच राग येत होता. तरुणपणी लाजून गप्प बसले, पाट्यांवर नाव नसताना गप्प बसले, रंगाच्या डब्याला पाठ दाखवून गप्प बसले. तोंड उघडलं ते केस पांढरे झाल्यावर, आणि तेव्हा लोकांनी ऐकलं काय, तर म्हातारीला ऊन लागतंय.

बरं, आला कसा नवा बैल? प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. सोडला तर मान खाली, शेपटी वर, नाकपुड्या फुगलेल्या, एक पाय उगारलेला, कोणाला तरी मारायला निघालेला. रंग तांब्याचा. नगरसेवक कौतुकानं म्हणाला, “शेअर मार्केटवाला आहे, आजी. परदेशात असतो असा.” आणि पोटाखाली! मी एका टोकाला चुकले होते, यानं दुसरं टोक गाठलं होतं. बायकांनी माना फिरवल्या. चादर धरायला माझी सासू हवी होती.

सोमाजी पुन्हा वाकला. आता त्याला वाकायला काठी लागते. वाकून बघितलं, उठला. “हा तं सांड हाये.”

“काका, बुल म्हनतेत त्याले,” ठेकेदार म्हणाला.

“काईही म्हना. यानं कधी जू घेतलं खांद्यावर? नाई ना? मंग याचा खांदा कायले शेकाचा? पोळा बैलाचा असते, बापा. सांडाचा पोळा कोन करते?”

खांदेशेकणीच्या दिवशी बायका नेहमीसारख्या वाट्या घेऊन आल्या, तर भोवती स्टीलचं कुंपण आणि पाटी, हात लावू नये. तूप वाटीतच थिजलं. तुपाच्या वाट्या घरी परत घेऊन जाणाऱ्या त्या बायका मी बघितल्या आणि माझ्या डोक्यात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

मी त्या बायकांना तिथेच थांबवलं. म्हणाले, चला.

आमचा बैल तलावाकाठी नगर परिषदेच्या भंगारात पडला होता, मोडक्या घंटागाड्यांच्या बाजूला, पाठीवर पडलेला. सोमाजीच्या मुलाचा टेम्पो होता. तिथला चौकीदार म्हणाला, “कोनाच्या हुकमानं नेऊन राहिले?” माझी शेजारीण म्हणाली, “ज्याची नोंद नाई त्याले हुकूम कायले पायजे?” तो विचार करत राहिला आणि आम्ही दोर बांधले. शेवटी त्यानंच एका बाजूनं खांदा लावला.

आणला, आणि चौकाच्या अगदी समोर, बंद पडलेल्या विणकर सोसायटीच्या ओट्यावर उतरवला. ती जागा सोसायटीची, नगर परिषदेची नाही. पण उभा कसा करणार? पाय नव्हते. नवे पाय करायचे तर सांगाडा सबंध उघडायला हवा, नव्या सळ्या बांधायला हव्यात, वाळायला दिवस हवेत, आणि तान्हा पोळा दोन दिवसांवर. मी बैलासमोर पाय पसरून बसले. तुटलेल्या गुडघ्यांकडे बघत होते आणि एकदम वरठीचं फाटक आठवलं. छातीखाली घेतलेले पुढचे पाय. एका बाजूला टाकलेले मागचे.

ठरलं. याला बसवू.

पोट ओट्यावर टेकवलं, लोंबणाऱ्या सळ्या कापल्या, उरलेल्या आत मुडपल्या. मुडपलेला पाय करायला सिमेंट फार लागत नाही, भार सगळा पोटावर असतो. मोहल्ल्यातल्या बायका गिलावा कालवत होत्या, ओली पोती आणत होत्या. चार खूर मी स्वतः छिन्नीनं नव्या बैलामागे तशाच राहिलेल्या जुन्या ओट्यावरून सोडवून आणले, नव्या बैलाच्या कुंपणात पाय घालून, हात लावू नये या पाटीला पाठ टेकवून. ते खूर मुडपलेल्या पायांच्या टोकांना लावले. चकचकीत खूर, बाकी नवा सिमेंट. कोणालाही जोड दिसेल. दिसू द्या.

मग रंग. आधी सोनेरी निघाला, त्याखाली तपकिरी, त्याखाली तो संडासाचा निळा, त्याखाली पांढरा. डोळ्याची कड मी कोणाला करू दिली नाही. खरवडता खरवडता आकड्याचा ओरखडा लागला हाताला. सुरकुती होती तिथेच, इतके दिवस दाबलेली. मी पदरानं डोळे पुसले, माझे, बैलाचे नाही. शेजारीण म्हणाली, “काय झालं वो?” मी म्हटलं, “रंगाची धूळ गेली.” ती म्हणाली, “दोन्ही डोळ्यांत?”

पोटाखालचा काळा डाग आता ओट्याला टेकला. कायमचा झाकला गेला. त्याचं मात्र मला जरा वाईट वाटलं.

सिमेंट पुरता वाळलाही नव्हता. तान्ह्या पोळ्याला चौकात मंडप, माइक, बक्षिसं, नव्या बैलाभोवती लाइटा. लेकरांना कुंपणाबाहेर रांगेत उभं केलं होतं. एका बारक्या मुलीनं आपला लाकडी बैल उचलला, रस्ता ओलांडला आणि आमच्या बैलाच्या पाठीवर नेऊन ठेवला. उभ्या बैलाच्या पाठीवर इतकी वर्षं लेकरांचा हात पोचत नव्हता, बसलेल्याच्या पोचत होता. मग दुसरं लेकरू आलं. मग बाया आल्या, वाट्या घेऊन, दोन दिवस उशिरा. माइकवरून नावं पुकारली जात होती आणि रांग पातळ होत होती.

नगरसेवक रस्ता ओलांडून आला. या वेळी पाया पडला नाही. “आजी, हे बरोबर नाही केलं तुम्ही. कार्यक्रम आमचा होता. हा बैल इथं ठेवता येत नाही, पोळा झाला की हलवावा लागंल.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, या वेळी शिवी नव्हती, खरंच काहीतरी शहाणपणाचं बोलणार होते. पण सोमाजीनं काठीनं मला थांबवलं. त्यानं बैलाच्या खांद्यावरची हळद बोटानं नीट पसरवली, नगरसेवकाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मला म्हणाला:

“उभा होता तवा नेला त्याईनं, वच्छलाबाई. आता बसला हाये. लाल्या वरठीच्या फाटकावर बसला, तवा कोनाच्या बापाचं आयकून उठला होता का?”